आराम पडण्याआधी

बरं होण्याला मराठीत आपण ‘आराम पडणे’ म्हणतो. बिलोलीच्या बसस्थानकावर कुणी कुबड्या सावरत उतरला की ओळखीचा माणूस आधी ‘आराम पडला का?’ असं विचारतो आणि उत्तर येण्याआधीच ‘आता काही करू नका, नुसता आराम करा’ हा सल्लाही देऊन टाकतो. फारसीतून आलेला हा शब्द आपल्याकडे रोग हटण्यालाही चालतो आणि पडून राहण्यालाही. मुदतीच्या तापात किंवा काविळीत या दुहेरी अर्थानं कुणाचं नुकसान होत नाही, कारण तिथं पडून राहणं हाही बरं होण्याचा एक भाग असतो. दुखापतीनंतर गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचं मात्र त्यानं मोठं नुकसान होतं. तो सहा आठवडे प्रामाणिकपणे पडून राहतो, घरचेही त्याला हलू देत नाहीत आणि शेवटी हाती येतो तो धड सरळ न होणारा, धड न वाकणारा गुडघा आणि काडीसारखी झालेली मांडी. मग दोष शस्त्रक्रियेवर जातो. या पुस्तकाची सगळी धडपड ‘आराम’ या शब्दातले दोन अर्थ एकमेकांपासून सोडवण्याची आहे. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत उरकते. पुढचे सात-आठ महिने, कधी वर्षभर, जे करायचं असतं तोच उपचाराचा मोठा हिस्सा आहे. तो डॉक्टरला करता येत नाही, रुग्णालाच करावा लागतो, आणि पोहणं किंवा नांगर धरणं शिकावं तसा तो शिकावा लागतो.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. गुडघ्याचं ऑपरेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं म्हातारा माणूस आणि ‘वाटी बदलणं’ येतं. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, पुढच्या वर्षी दुसराही बदलला, आणि ही शस्त्रक्रिया घराघरात बोलण्याचा विषय झाली. तो झिजलेल्या सांध्याचा इलाज होता. या पुस्तकाचा विषय वेगळा आहे : काल-परवापर्यंत धडधाकट असलेला, पण अपघातात, मैदानात किंवा शेतात दुखावलेला गुडघा. मांडीचं हाड नडगीवर टेकतं, पण ही टेकण खोबणीत बसवल्यासारखी पक्की नसते. तिला आवरून धरतात ते अस्थिबंध, म्हणजे रुग्ण ज्यांना ‘लिगामेंट’ किंवा ‘शीर’ म्हणतात त्या चिवट दोऱ्या. त्यांतल्या दोन आत फुलीसारख्या एकमेकींना छेदून जातात; पुढची तुटली की वळताना गुडघा ‘निसटतो’. दोन्ही हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्या फाटल्या की गुडघा अडकतो. याखेरीज वाटी फुटते, किंवा मोटारसायकलच्या अपघातात नडगीचा वरचा सपाट भाग दबून तुटतो आणि प्लेट-स्क्रू बसवावे लागतात. या सगळ्यांचं पुढचं वेळापत्रक एकसारखं नसतं. शेजाऱ्यानं ज्या दिवशी कुबडी टाकली त्याच दिवशी आपणही टाकावी, हा हिशेब इथंच चुकतो.

विश्रांती की हालचाल, हा वाद गुडघ्याच्या शस्त्रक्रियेहून जुना आहे. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६३ मध्ये विश्रांती आणि वेदना यांच्यावरची आपली व्याख्यानं ग्रंथरूपात आणली. दुखणारा अवयव स्थिर ठेवा, निसर्ग आपलं काम करील, हे त्यांचं सूत्र. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी हेच सूत्र टोकाला नेलं. विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ हवी, असा त्यांचा आग्रह होता. मांडी मोडलेल्या रुग्णाला आजही लावतात ती थॉमस स्प्लिंट त्यांचीच. हे थॉमस पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातले होते हे आपल्याकडे सांगायलाच हवं, कारण हाडवैद्य आणि अस्थिशल्यविशारद या दोन वेगळ्या जाती आहेत असं आपण धरून चालतो. समोरच्या बाजूला फ्रान्सचे ल्युका-शाम्पियोनिएर होते. मोडलेल्या हाडालाही सौम्य मर्दन आणि लवकर हालचाल मानवते, असं ते सांगत. त्या काळात विजय थॉमस यांच्या बाजूचा झाला आणि त्याला कारणही होतं. क्षयरोगानं सुजलेले सांधे तेव्हा सर्रास दिसत आणि त्यांना स्थिर ठेवणं खरोखरच उपकारक होतं. अडचण अशी झाली की क्षयाच्या सांध्यासाठी काढलेला नियम दुखापतीच्या सांध्यालाही लागू झाला आणि शंभर वर्षं तसाच राहिला. आपल्या ‘आराम करा’मागं आजीचा सल्ला आहे तसा या जुन्या वैद्यकाचाही अंश आहे.

शस्त्रक्रियेची वाट स्वतंत्रपणे पुढं सरकत होती. तुटलेले फुलीचे अस्थिबंध शिवण्याची पहिली ज्ञात शस्त्रक्रिया १८९५ मध्ये इंग्लंडातल्या लीड्स इथं मेयो रॉब्सन यांनी केली. रुग्ण खेळाडू नव्हता, मातीच्या ढासळणीत सापडलेला खाणकामगार होता, आणि काही वर्षांनी तो आपला पाय भक्कम असल्याचं सांगत होता. गुडघ्याच्या पुनर्वसनाची आजची पुस्तकं उघडली की पानोपानी फुटबॉलपटू दिसतात, म्हणून या पहिल्या रुग्णाचा धंदा ध्यानात ठेवावा. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी तुटलेला अस्थिबंध शिवण्याऐवजी मांडीच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा आत ओवून नवा बंध तयार केला. दुसरीकडची शीर काढून बसवण्याची आजची रीत त्याच कल्पनेची वंशज आहे. टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिली आणि त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये त्याच मार्गानं फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. आपण ज्याला ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतो ते तिथून आलं. गादीची कथा मात्र लाजिरवाणी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती स्नायूचा निरुपयोगी अवशेष मानली गेली आणि फाटली की अख्खी काढून टाकत. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेत काळाच्या ओघात होणारे बदल दाखवले, तेव्हा कुठं ती राखण्याचा विचार सुरू झाला.

शस्त्रक्रिया सुधारत गेल्या तरी त्यानंतरचं प्लास्टर बराच काळ सुटलं नाही. ते सोडवण्यात तीन माणसांचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म या डॉक्टरनं गुडघे दुखावलेल्या सैनिकांना हलक्या, पुन्हापुन्हा करायच्या व्यायामाऐवजी पायाला वजन बांधून, ते पायरीपायरीनं वाढवत व्यायाम दिला आणि १९४५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. आपल्या तालमीतल्या उस्तादांना यात नवल वाटणार नाही. नवल इतकंच की ही रीत आजाऱ्याच्या खाटेपर्यंत पोचायला युद्ध व्हावं लागलं. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात प्रयोगांतून दाखवलं की स्थिर ठेवलेल्या सांध्याची कूर्चा खराब होते आणि हलत्या सांध्याची भरून येण्याची शक्यता वाढते. तिसरे अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे डोनाल्ड शेलबोर्न. आपल्या रुग्णांचा हिशेब मांडताना त्यांना आढळलं की सांगितलेलं मोडून लवकर चालू लागलेल्यांचे गुडघे आज्ञाधारकांपेक्षा चांगले आहेत. रुग्णच खोटे ठरवण्याऐवजी त्यांनी आपलाच नियम बदलला. पाय पहिल्या दिवसापासून पूर्ण सरळ करायचा आणि सोसेल तितका भार द्यायचा, हा कार्यक्रम त्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला.

इथं एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हालचालच जर औषध असेल तर जितकी लवकर तितकी बरी, असं का म्हणू नये? कारण बसवलेली शीर पहिल्या दिवशी नुसती एक मेलेली दोरी असते. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात, आणि या फेरफारात काही आठवडे ती बसवली तेव्हापेक्षाही कमजोर होते. खेदाची गोष्ट म्हणजे नेमकं याच काळात दुखणं थांबलेलं असतं, सूज उतरलेली असते आणि माणसाला आपण बरे झालो असं वाटू लागतं. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एकत्रित निष्कर्ष दिला : नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवावं तितक्या दर महिन्यामागं पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटतं. म्हणून आजचा विचार शेलबोर्न यांच्याही पुढं गेला आहे. सरळ करणं, वाकवणं, भार देणं लवकर. धावणं, उडी, झटक्यात वळणं उशिरा. आणि ‘उशिरा’ म्हणजे कधी हे कॅलेंडर एकट्यानं ठरवत नाही, दुखऱ्या मांडीची ताकद चांगल्या मांडीच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास आली का, एका पायावर उडी मारून तोल राहतो का, यावर ते ठरतं. थोडक्यात, विश्रांतीवाले सपशेल चुकले नव्हते. त्यांनी विश्रांती चुकीच्या वस्तूला दिली. जपायची असते ती शीर; त्यांनी जपला सगळा पाय.

मुळात शस्त्रक्रिया हवीच का, हाही प्रश्न पुस्तक टाळत नाही. स्वीडनमध्ये फुलीचा पुढचा बंध तुटलेल्या १२१ तरुण रुग्णांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांची लगेच शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांना आधी फक्त व्यायाम देऊन गरज पडली तरच शस्त्रक्रिया करू असं सांगितलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या स्थितीत लक्षणीय फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या सुमारे चाळीस टक्क्यांनाच तोवर शस्त्रक्रिया लागली होती. याउलट २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत, दुखापत जुनी होऊनही गुडघा निसटत राहिलेल्यांना शस्त्रक्रियेचा फायदा अधिक दिसला. या दोन चाचण्या एकमेकींना खोडत नाहीत. त्यांचे रुग्णच वेगळे होते. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे : व्यायाम कुणालाच चुकला नाही.

आता खाटेजवळ येऊ. शस्त्रक्रियेनंतर पाय थोडा वाकवून ठेवला की बरं वाटतं, कारण आत साचलेल्या द्रवाला जागा मिळते. हे पाहून आई किंवा बायको मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवते. सगळ्या घरात त्या उशीइतकी घातक वस्तू नसते. चार-सहा आठवडे गुडघा तिच्यावर विसावला की शेवटचे पाच-दहा अंश सरळ होत नाहीत, चाल कायमची लंगडते आणि मांडीचा पुढचा स्नायू कधीच पूर्ण आवळला जात नाही. उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली हवी. टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी राहू द्यायचा, आणि आता तो खाली दाबतोय अशा बेतानं मांडी आवळायची. पहिल्या दिवशी मांडी हुकूमच ऐकत नाही. माणूस घाबरतो, नस कापली गेली की काय असं विचारतो. तसं काही नसतं. सुजलेला सांधा मज्जारज्जूमार्फत स्वतःच्याच स्नायूला गप्प बसवतो. सूज उतरवणं आणि रोज शेकडो वेळा तो हुकूम पुन्हा देणं हाच त्यावर इलाज. चांगली मांडी आवळून तिचं टणकपण आधी हातानं चाचपायचं आणि मग दुखरीकडून तेवढंच मागायचं. पुढं वाकवण्याची पाळी येते तेव्हा शहाबादी फरशी कामाला येते : पायात मोजा घालून टाच फरशीवरून हळूहळू आपल्याकडं ओढायची. फरक मोजायला यंत्र लागत नाही. पालथं झोपून पावलं खाटेच्या कडेबाहेर सोडली की दोन टाचांच्या उंचीत किती बोटं तफावत आहे ते घरातलं पोरही सांगतं.

परदेशी वेळापत्रकं आहेत, त्यांचा अनुवाद पुरला नसता का, असं विचारता येईल. नसता पुरला, कारण ती खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी लिहिलेली आहेत. तिथं गुडघा एकशेवीस-पंचवीस अंश वाकला की जिने, मोटार, सायकल सगळं साधतं आणि कार्यक्रम सुफळ संपूर्ण होतो. बिलोली तालुक्यातल्या माणसाची परीक्षा त्याच्या पुढं सुरू होते. उकिडवं बसून खुरपायचं, भारतीय बैठकीच्या संडासात बसून हाताला आधार नसताना उठायचं, पंगतीत मांडी घालायची. नमाज पढणाऱ्याला टाचांवर बसावं लागतं, नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला बसणाऱ्याला जमिनीवर. सोयाबीनच्या काढणीत दिवसभर वाकून चालायचं, पावसाळ्यात मांजरेकाठच्या काळ्या चिखलातून पाय उपसायचा. आणि चिखलात रुतलेला पाय वळवणं हा बसवलेल्या शिरेवरचा सगळ्यात वाईट ताण. यावर एक रास्त हरकत अशी की गादी शिवलेली असेल तर खोल बसणं महिनोनमहिने वर्ज्यच असतं, मग त्याची आस कशाला लावायची? म्हणूनच ते स्पष्ट लिहिणं भाग आहे. जे लिहिलेलं नसतं ते माणूस आपल्या मनानं करतो. चार महिने कमोडची खुर्ची, देवापुढं पाट न घेता स्टूल, आणि खोल बसायला सुरुवात करताना दोन विटांवर ठेवलेला पाट, मग एकावर, मग जमीन, असा उतरता क्रम दिला तर तो पाळला जातो. ‘खाली बसू नका’ एवढंच सांगितलं तर पंधरा दिवसांत मोडलं जातं.

हे आत्ताच का लिहायचं, याचं उत्तर रस्त्यावर दिसतं. पहाटे तालुक्याच्या कुठल्याही डांबरी सडकेवर भरतीची तयारी करणारी मुलं-मुली सोळाशे मीटरचा सराव करत असतात, बरेचदा बूट साधेच असतात. कबड्डी आणि कुस्ती इथं जिवंत आहेत. माळेगावच्या यात्रेतला फड अजून भरतो. या खेळांत पकड आणि वळण गुडघ्यावरच येतं, आणि एकाच खेळात मुलींना फुलीच्या पुढच्या बंधाची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते हे जगभर दिसलं आहे. दुचाकीचे अपघात तर रोजचेच. शस्त्रक्रियाही आता आवाक्यात आली आहे. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूर आहे, आणि जुन्या हैदराबाद संस्थानाच्या सवयीनं देगलूरमार्गे हैदराबादची वाट धरणारे आहेतच. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात नांदेड होता. तीच पुढं महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालू राहिली. त्या योजनेच्या मूळ आराखड्यात सुटी झाल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं धरलेली होती. दहा दिवसांत टाकेसुद्धा नीट निघत नाहीत. बाकीचे महिने रुग्ण कुणाच्या हवाली असतो, हा प्रश्न आहे आणि आजवर त्याचं उत्तर ‘शेजाऱ्यांच्या’ असं आहे.

क्रिकेटपटू ऋषभ पंतचं उदाहरण नेहमी पुढं येतं. ३० डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातानंतर त्याला मुंबईला आणून जानेवारीत गुडघ्याच्या अस्थिबंधांची शस्त्रक्रिया केली गेली आणि मार्च २०२४ मध्ये तो मैदानात परतला. विनेश फोगटचीही ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईतच गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरात तिनं ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. यावरून ‘जिद्द असली की सगळं होतं’ असा निष्कर्ष काढला जातो, तो मला अर्धवट वाटतो. जिद्द होतीच, पण रोज हाताशी फिजिओथेरपिस्ट होते आणि त्या महिन्यांत पोटाची चिंता नव्हती. उलट, सगळ्या सोयी असणाऱ्या पंतलाही सव्वा वर्ष लागलं, हाच त्या कथेतला आपल्या कामाचा भाग. तीन महिन्यांत ऊसतोडीला जायचं ठरवणाऱ्या माणसाला तो सांगायला हवा. खेळाडूंचंही सगळंच गोड नसतं. २०१४ मध्ये साडेसात हजारांहून अधिक रुग्णांचे अभ्यास एकत्र केले गेले, तेव्हा स्पर्धात्मक खेळात परतणारे जेमतेम पंचावन्न टक्के निघाले. न परतण्यामागं बरेचदा मनातली भीती होती.

पुस्तक वाचून का कुणी बरं होतं, असा प्रश्न फिजिओथेरपिस्ट विचारतील आणि तो त्यांचा हक्क आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विद्येचं शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सुरू झालं, हाजीअलीची राष्ट्रीय पुनर्वसन संस्था १९५५ ची. शास्त्र आपल्याकडं नवं नाही. ते खाली तालुक्यापर्यंत यायला वेळ लागतो आहे. नांदेडला सत्तर-ऐंशी किलोमीटर जाऊन अर्ध्या तासाचा व्यायाम करून परत येणं रोज कुणाला परवडणार? पंधरा दिवसांतून एकदा तपासून घ्यायचं आणि मधले दिवस घरी शिस्तीनं करायचं, हा मार्ग व्यवहार्य आहे आणि निवडक रुग्णांत त्याचे परिणाम चांगले आल्याचं अभ्यास सांगतात. पुस्तक त्या मधल्या दिवसांसाठी आहे. बडोद्याहून निघालेल्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांनी मराठीत व्यायामाची भाषा घडवली, पण तिचा मुख्य भर धडधाकट शरीर कमावण्यावर होता. जायबंदी पायाला समजेल अशी भाषा तयार करायची बाकी होती. हाडवैद्यांबद्दल इथं तुच्छता नाही. फक्त ताज्या टाक्यांवर चोळणं आणि सुजेवर गरम शेक या दोन गोष्टींना ठाम नकार आहे.

बायांच्या पुनर्वसनाला पुस्तकानं वेगळी जागा दिली आहे, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. पुरुषाला सक्तीचा आराम मिळतो, बाईला तोही मिळत नाही. ती आठव्या दिवशी चुलीपुढं असते, आणि दिवसभर उभी असते म्हणून तिचा व्यायाम झाला असं समजलं जातं. पाणी भरण्यात पाय शिणतो. खंगलेल्या स्नायूला परत बांधणारा व्यायाम मोजूनमापून, वाढत्या भारानं आणि मध्ये विसावा देऊन करायचा असतो. त्यासाठी दिवसातली दोन वेळची वीस मिनिटं तिला कुणीतरी मोकळी करून द्यावी लागतात, आणि हा मजकूर तिच्याइतकाच तिच्या सासू-नवऱ्यासाठी आहे.

वाटी बदललेल्यांना, लहान मुलांच्या वाढत्या हाडांच्या दुखापतींना हे पुस्तक लागू नाही. त्यांचे नियम निराळे. इतरांनीही कुठला व्यायाम कधी सुरू करायचा हे आपल्या शल्यविशारदाला विचारूनच ठरवावं, कारण आत नेमकं काय शिवलं हे त्यांनाच माहीत असतं. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, ताप भरला, जखमेतून पू आला किंवा दम लागू लागला, तर व्यायाम, शेक, सल्ला सगळं थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ती लक्षणं सुरुवातीच्याच पानावर ठळक छापली आहेत. त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवावा.